ठिणगीच्या प्रकाशात धातूचा कस शोधणारे सर नॉर्मन लॉकियर

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्ग किल्ल्यावर येणाऱ्या पर्यटकाला ‘साहेबाचे कट्टे’ आवर्जून दाखविले जातात. सूर्यग्रहणाच्या निरीक्षणासाठी आलेल्या ज्या गोऱ्या साहेबाशी या कट्ट्यांचे नाते सांगितले जाते, ते साहेब म्हणजे ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ सर नॉर्मन लॉकियर. हेलियम या मूलद्रव्याच्या शोधाशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले असून, १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिनही साजरा होतो. लॉकियर यांच्या कार्याची दुसरी बाजू मात्र महाराष्ट्रात फारशी परिचित नाही. धातूच्या प्रकाशावरून त्यात कोणते मूलद्रव्य किती प्रमाणात मिसळले आहे हे सांगता यावे, यासाठी त्यांनी १८७० च्या दशकात चिकाटीने प्रयत्न केले. पोलादातील अत्यल्प मूलद्रव्ये आज प्लाझ्माच्या ज्योतीत मोजली जातात. त्या विद्येचे एक मूळ या प्रयत्नांत आहे.

जोसेफ नॉर्मन लॉकियर यांचा जन्म १७ मे १८३६ रोजी इंग्लंडमधील रग्बी या गावी झाला. वडील वैद्यकीय व्यावसायिक होते आणि त्यांना विज्ञानाची आवड होती. लॉकियर यांचे शिक्षण खासगी शाळांत आणि काही काळ युरोप खंडात झाले. विद्यापीठाची पदवी घेऊन संशोधनाकडे वळण्याचा राजमार्ग त्यांच्या वाट्याला आला नाही. १८५७ मध्ये ते लंडन येथील युद्ध खात्यात कारकून म्हणून रुजू झाले. पुढच्याच वर्षी विनिफ्रेड जेम्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. विनिफ्रेड यांनी फ्रेंच विज्ञानग्रंथांचे इंग्रजी अनुवाद केले. दिवसा कचेरीतील कागदपत्रे आणि रात्री विम्बल्डन येथील घराच्या बागेत दुर्बीण, असा लॉकियर यांचा दिनक्रम सुरू झाला. त्यांची सव्वासहा इंची दुर्बीण आकाराने फार मोठी नव्हती. तथापि तिचा उपयोग त्यांनी मोठ्या वेधशाळांनाही न सुचलेल्या कामासाठी केला.

त्या काळात विज्ञानजगतात एका नव्या साधनाची चर्चा होती. जर्मनीतील हायडेलबर्ग येथे बुनसेन आणि किरखोफ यांनी १८५९-६० मध्ये दाखवून दिले होते की, तापलेल्या वायुरूप मूलद्रव्याचा प्रकाश लोलकातून नेला असता ठरावीक रंगांच्या तेजस्वी रेषा उमटतात आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा वेगळ्या असतात. माणसाला बोटांच्या ठशांवरून ओळखावे तसे मूलद्रव्याला त्याच्या वर्णरेषांवरून ओळखता येऊ लागले. सूर्यासारख्या कोट्यवधी किलोमीटर अंतरावरील गोलात लोखंड आणि सोडियम आहे, हे पृथ्वीवर बसून सांगता येऊ लागले. लॉकियर यांनी आपल्या दुर्बिणीला वर्णपटदर्शक जोडला आणि १८६६ मध्ये सूर्यावरील डागांच्या प्रकाशाचे पृथक्करण सुरू केले.

खग्रास ग्रहणाच्या वेळी चंद्रबिंबाच्या कडेला लालसर ज्वाला दिसतात. ग्रहण नसताना सूर्याच्या झगझगाटात त्या लोपतात. लॉकियर यांनी असा विचार केला की, या ज्वाला तप्त वायूच्या असतील, तर त्यांचा प्रकाश मोजक्याच रेषांत एकवटलेला असेल. आकाशाचा पांढरा उजेड मात्र लोलकातून जाताना सर्व रंगांत पसरून फिका पडेल. लोलकांची संख्या वाढवून तो पुरेसा पसरला, की ज्वालांच्या रेषा ग्रहणाविनाही दिसतील. यासाठी लागणारे शक्तिमान उपकरण बनविण्यास कारागिराला विलंब झाला आणि ते लॉकियर यांच्या हाती ऑक्टोबर १८६८ मध्ये पडले. २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्यांना इंग्लंडमध्येच, भर दिवसा, सौरज्वालांच्या रेषा दिसल्या.

त्यापूर्वी दोन महिने, १८ ऑगस्ट १८६८ रोजी, भारतातून खग्रास ग्रहण दिसले होते. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पिएर जान्सन हे त्यासाठी आंध्रातील गुंटूर येथे आले होते. ज्वालांच्या रेषा इतक्या ठळक होत्या की, ग्रहणाशिवायही त्या दिसतील हे त्यांच्या ध्यानी आले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी ते सिद्ध केले. त्या काळच्या जमखंडी संस्थानातही लेफ्टनंट जॉन हर्शेल यांचे पथक याच ग्रहणासाठी दाखल झाले होते. जान्सन आणि लॉकियर या दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीत २६ ऑक्टोबर १८६८ या एकाच दिवशी सादर झाली. श्रेयासाठी वाद होण्याऐवजी दोघांचा सन्मान झाला आणि १८७२ मध्ये फ्रेंच सरकारने दोघांच्या मुद्रा असलेले पदक काढले. १८६८ च्या ग्रहणाच्या वेळी लॉकियर विजयदुर्गावर होते, अशी समजूत कोकणात रूढ आहे; प्रत्यक्षात त्या वर्षी ते इंग्लंडमध्येच होते. विजयदुर्गाशी त्यांचा संबंध खरा आहे, परंतु तो तीस वर्षांनंतरचा.

सौरज्वालांच्या वर्णपटात एक पिवळी रेषा होती. सोडियमच्या दोन सुपरिचित पिवळ्या रेषांजवळ असली तरी तिचे स्थान त्यांच्याहून निराळे होते. लॉकियर यांनी रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांच्यासह प्रयोगशाळेत ती रेषा मिळविण्याचा प्रयत्न केला, पण पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात पदार्थाशी ती जुळेना. तेव्हा हे सूर्यावरील नवे मूलद्रव्य असावे, असा तर्क पुढे आला आणि सूर्य या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला हेलियम हे नाव मिळाले. अनेक रसायनशास्त्रज्ञांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. ज्याला कोणी स्पर्श केला नाही, ज्याचे वजन केले नाही, असे मूलद्रव्य केवळ एका रेषेच्या आधारे मानायचे कसे, हा त्यांचा प्रश्न होता. १८९५ मध्ये विल्यम रॅम्झे यांना युरेनियमयुक्त क्लेव्हाइट या खनिजातून निघालेल्या वायूत तीच पिवळी रेषा आढळली. सत्तावीस वर्षांनी का होईना, आपला निष्कर्ष खरा ठरल्याचे पाहण्याचे भाग्य लॉकियर यांना लाभले.

विज्ञानाच्या प्रसाराचे त्यांचे कार्यही तितकेच मोठे होते. ४ नोव्हेंबर १८६९ रोजी त्यांच्या संपादकत्वाखाली नेचर या साप्ताहिकाचा पहिला अंक निघाला आणि पुढे पन्नास वर्षे त्यांनी ते सांभाळले. सुरुवातीची अनेक वर्षे तोट्यात गेलेले हे साप्ताहिक आज जगातील अग्रगण्य विज्ञान नियतकालिकांत गणले जाते. १८६९ मध्येच ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १२ डिसेंबर १८७१ च्या खग्रास ग्रहणासाठी ते प्रथम भारतात आले. त्यांनी निरीक्षणासाठी निवडलेले ठिकाणही समुद्रकाठचा किल्लाच होता. तो म्हणजे आजच्या केरळमधील कासरगोड जिल्ह्यातील बेकल.

सूर्यावरील रेषांचा अर्थ लावायचा तर त्या प्रयोगशाळेत निर्माण करून पाहिल्या पाहिजेत, हे लॉकियर यांनी ओळखले होते. धातूच्या दोन टोकांमध्ये विजेची ठिणगी पाडली की धातूचा सूक्ष्म अंश वायुरूप होऊन प्रकाशू लागतो. इतर संशोधक हा प्रकाश सरसकट उपकरणाच्या फटीत सोडत. लॉकियर यांनी मध्ये भिंग ठेवून ठिणगीची प्रतिमाच फटीवर पाडली. त्यामुळे ठिणगीच्या कोणत्या भागातून कोणती रेषा येते, हे वेगळे दिसू लागले. काही रेषा धातूच्या टोकापासून दूरपर्यंत लांब पसरत, तर काही टोकाजवळच आखूड राहत. १८७३ च्या सुमारास त्यांनी या लांब व आखूड रेषांचा नियम मांडला. मिश्रणातील एखाद्या धातूचे प्रमाण कमी करीत गेले, तर त्याच्या आखूड रेषा आधी नाहीशा होतात आणि सर्वांत लांब रेषा शेवटपर्यंत टिकतात, असे त्यांना आढळले.

या नियमात एक मोठी शक्यता दडलेली होती. तोपर्यंत वर्णपट कोणते मूलद्रव्य आहे एवढेच सांगत होता. ते किती आहे, हे तो सांगू शकत नव्हता. रेषांच्या लांबीवरून व संख्येवरून प्रमाण ठरविता आले, तर तराजू आणि आम्ल यांच्याशिवाय धातूची परीक्षा होणार होती. लॉकियर यांनी लंडनच्या शाही टांकसाळीतील रसायनज्ञ विल्यम चँडलर रॉबर्ट्स यांच्याशी हातमिळवणी केली. टांकसाळीला अशा पद्धतीचे महत्त्व सांगण्याची गरज नव्हती. इंग्लंडचे सोन्याचे नाणे बावीस कॅरटचे, म्हणजे बारा भागांत अकरा भाग सोने असलेले असे. त्यात हजारात एखाद्या भागाचा फरक पडला तरी असंख्य नाण्यांच्या हिशेबात तो मोठा ठरे. सोन्याचा कस भट्टीत पारखण्याची जुनी पद्धत विश्वसनीय होती, मात्र ती वेळ घेणारी होती. सोने-तांबे, सोने-चांदी अशा मिश्रधातूंच्या ठिणग्यांचे वर्णपट या दोघांनी तपासले आणि मिश्रधातूंच्या संख्यात्मक पृथक्करणावरील त्यांचा निबंध १८७४ मध्ये रॉयल सोसायटीपुढे आला.

प्रमाणातील सूक्ष्म फरकाने वर्णपट बदलतो, हे त्यांनी दाखविले. तरीही टांकसाळीने भट्टीतील कस सोडला नाही. ठिणगी स्थिर नसे; क्षणाक्षणाला तिचे तेज बदले. ठिणगीने उडणारा धातूचा अंश इतका सूक्ष्म असे की, त्यावरून संपूर्ण लगडीविषयी निष्कर्ष काढणे धोक्याचे होते. रेषेची तीव्रता डोळ्यांनी अजमावावी लागे. पुढे रॉबर्ट्स हे रॉबर्ट्स-ऑस्टेन या नावाने धातुशास्त्रात विख्यात झाले. पोलादाच्या अंतर्रचनेतील ऑस्टेनाइट हे नाव त्यांच्याच स्मरणार्थ दिलेले आहे. क्रोमियम-निकेलयुक्त स्टेनलेस स्टीलची जी भांडी घराघरांत वापरली जातात, त्यांतील पोलाद प्रामुख्याने याच रचनेचे असते.

टांकसाळीतील प्रयोग थांबला, तरी त्या ठिणगीने लॉकियर यांना आणखी एका वादात ओढले. मध्यम उष्णतेच्या विद्युत ज्योतीत, म्हणजे आर्कमध्ये, एखादा धातू ज्या रेषा देतो, त्यांतील काही रेषा प्रखर ठिणगीत अधिक तेजस्वी होतात, असे त्यांनी पाहिले. अशा रेषांना त्यांनी वर्धित रेषा म्हटले. अतिउष्णतेत मूलद्रव्याचा अणूच फुटून त्याचे सोपे रूप तयार होते, हा त्यांचा सिद्धांत. अशा रूपांना त्यांनी आद्य-लोह, आद्य-मॅग्नेशियम या अर्थाची नावे दिली. अणू अभेद्य मानणाऱ्या त्या काळात या विधानाला कडाडून विरोध झाला. लॉकियर यांच्या काही निरीक्षणांत अशुद्ध नमुन्यांमुळे दोष राहिले होते, हेही टीकाकारांनी दाखवून दिले.

आपल्या कल्पनेवर त्यांचा इतका दृढ विश्वास असे की कधी कधी तो पुराव्याच्या पुढे धावे. तेजोमेघ व तारे उल्कांच्या थव्यांपासून बनतात, असे त्यांनी प्रतिपादन केले होते. तेजोमेघांतील मुख्य हिरवी रेषा मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कडा आहे, हा त्याचा एक आधार होता. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे प्रमुख कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी १८९१ मध्ये मृग नक्षत्रातील तेजोमेघाचा वर्णपट तपासला आणि ती रेषा स्पष्ट व रेखीव असल्याचे नोंदविले. पट्ट्याची पुसट कडा तेथे नव्हती. लॉकियर यांचा हा सिद्धांत पुढे टिकला नाही.

नायगमवाला आणि लॉकियर यांची नावे १८९८ मध्ये पुन्हा एका संदर्भात आली. २२ जानेवारी १८९८ रोजीच्या खग्रास ग्रहणाचा पट्टा कोकणातून ईशान्येकडे जात होता. नायगमवाला यांनी करमाळा तालुक्यातील जेऊर या रेल्वेस्थानकाजवळ तळ दिला. अमेरिकेतील लिक वेधशाळेचे डब्ल्यू. डब्ल्यू. कॅम्पबेल यांचे पथकही तेथेच होते. सोलापूर जिल्ह्यातील हा करमाळा तालुका अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्याच्या दक्षिण सीमेला लागूनच आहे. वर्धा जिल्ह्यातील पुलगाव येथेही इंग्रज निरीक्षक होते. आदल्याच वर्षी सर हा किताब मिळालेल्या लॉकियर यांनी विजयदुर्ग निवडला. मेलपोमीन या युद्धनौकेचे कप्तान चिझम-बॅटन, त्यांचे अधिकारी व खलाशी यांनी किल्ल्यावर उपकरणे उभारण्यास आणि निरीक्षणास हातभार लावला. खग्रास स्थिती सुमारे दोन मिनिटे टिकणार असल्याने प्रत्येकाच्या कामाची आधी रंगीत तालीम घेण्यात आली. दुर्बिणीसमोर लोलक बसविलेल्या कॅमेऱ्यांनी सूर्याच्या कडेवरील वायूंचे वर्णपट टिपले. सूर्याच्या वर्णगोलात वर्धित रेषा कोणत्या आहेत, हा या मोहिमेतील महत्त्वाचा प्रश्न होता. धातूच्या ठिणगीत दिसलेले सूर्यावर पडताळण्यासाठी हे साठीतले गृहस्थ विजयदुर्गापर्यंत आले होते.

लॉकियर यांचे उत्तरायुष्य कष्टाचे आणि काहीसे खिन्नतेचे गेले. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील सौरभौतिकी वेधशाळा त्यांनी अनेक वर्षे सांभाळली. पुढे ती त्यांच्या इच्छेविरुद्ध केंब्रिजला हलविण्यात आली. वयाची पंचाहत्तरी उलटल्यावर त्यांनी १९१२ मध्ये सिडमथ येथील टेकडीवर नवी वेधशाळा उभारली. दुसऱ्या पत्नी मेरी यांची त्यांना मोलाची साथ लाभली. १६ ऑगस्ट १९२० रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, तेथेच त्यांचे निधन झाले.

त्यांच्या वर्धित रेषांचे कोडे त्याच वर्षी एका भारतीयाने उलगडले. मेघनाद साहा यांचा सूर्याच्या वर्णगोलातील आयनीभवनावरील निबंध ऑक्टोबर १९२० मध्ये प्रसिद्ध झाला. अतिउष्णतेत अणूतून इलेक्ट्रॉन निसटतो आणि उरलेला विद्युतभारित अणू, म्हणजे आयन, वेगळ्या रेषा देतो; तापमान आणि दाब यांवरून किती अणूंचे आयन होतील याचे गणित साहा यांनी मांडले. लॉकियर यांच्या आद्य-लोहाच्या रेषा वस्तुतः लोहाच्या आयनाच्या होत्या. अणू फुटतो, हे त्यांचे म्हणणे शब्दशः खरे नव्हते. पण उष्णतेत त्याचे रूप बदलते, हे त्यांनी अचूक हेरले होते. साहा त्यानंतर लंडनला गेले आणि आल्फ्रेड फाउलर यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी काम केले. हे फाउलर लॉकियर यांचे शिष्य व साहाय्यक होते. गुरूने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने शिष्याच्या दारी पोहोचले.

किती या प्रश्नाचे उत्तर मिळण्यासही तोच काळ उजाडावा लागला. फ्रान्समधील आंत्वान द ग्रामाँ यांनी धातू अत्यल्प उरला तरी शेवटपर्यंत टिकणाऱ्या अंतिम रेषांचा पद्धतशीर अभ्यास केला. जर्मनीतील वाल्थर गेरलाख यांनी १९२५ च्या सुमारास एक युक्ती सुचविली. शोधायच्या मूलद्रव्याची रेषा एकटी न मोजता मिश्रधातूतील मुख्य धातूच्या रेषेशी तिची तुलना करावी. ठिणगी कमी-जास्त झाली तरी दोन्ही रेषा बरोबरीने बदलतात आणि त्यांचे गुणोत्तर बव्हंशी स्थिर राहते. पोलादात लोखंड भरपूर असल्याने त्याची रेषा आयतीच हाताशी असते. लॉकियर यांना छळणाऱ्या चंचल ठिणगीवर हा उपाय होता. आज पोलाद भट्टीत असतानाच त्याचा लहानसा नमुना घेऊन, तो घासून, ठिणगी वर्णपटमापकावर मिनिटा-दोन मिनिटांत तपासला जातो.

याहून सूक्ष्म मोजमापासाठी प्लाझ्माचा उपयोग होतो. इंग्लंडमध्ये स्टॅन्ली ग्रीनफील्ड यांनी १९६४ मध्ये आणि अमेरिकेत व्हेल्मर फॅसेल यांनी १९६५ मध्ये या पद्धतीचा पाया घातला. क्वार्ट्झच्या नळीभोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यातून उच्च वारंवारतेची वीज सोडली की नळीतील आरगॉन वायू सहा ते दहा हजार अंश केल्व्हिनपर्यंत तापून त्याचा प्लाझ्मा होतो. एक ग्रॅम पोलाद आम्लात विरघळवून शंभर मिलिलिटर द्रावण केले आणि ते तुषाररूपाने या ज्योतीत सोडले, तर संपूर्ण नमुना एकजीव झालेला असल्याने लगडीच्या एका ठिपक्यावर विसंबावे लागत नाही. पोलादात दहा लाखांत दहा भाग इतके मूलद्रव्य असेल, तर अशा द्रावणाच्या एका लिटरात ते केवळ ०.१ मिलिग्रॅम येते. तरीही ते मोजता येते. लोखंड स्वतः हजारो रेषा देत असल्याने त्या गर्दीतून योग्य रेषा निवडणे, हे यातील खरे कौशल्य असते. बोरॉनच्या २४९.७ नॅनोमीटरजवळच्या रेषांवर लोखंडाच्या रेषा चढतात, म्हणून अनेकदा १८२.६ नॅनोमीटरची रेषा घेतली जाते. मँगनीजसाठी नेहमी वापरली जाणारी २५७.६ नॅनोमीटरची रेषा आयनाची, म्हणजे लॉकियर यांच्या परिभाषेत वर्धित रेषांच्या जातीची आहे.

या मोजमापाला व्यवहारात मोठे मोल आहे. फॉस्फरस थोडासा वाढला तरी पोलाद थंडीत ठिसूळ होते. भंगारातून आलेले तांबे व कथील तप्त पोलादाच्या पृष्ठभागावर भेगा पाडू शकतात. उलट बोरॉनचे दहा लाखांत दहा-वीस भाग पोलादाची कठीण होण्याची क्षमता वाढवितात. अहिल्यानगरसारख्या जिल्ह्यात, जेथे औद्योगिक वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग तयार होतात आणि वाहन संशोधन व विकास संस्थेत लष्करी वाहनांची परीक्षा होते, तेथे एखादा दंड किंवा दातेरी चाक वापरात तुटेल की टिकेल, हे अशा सूक्ष्म अंशांवरही अवलंबून असते.

लॉकियर यांच्या कार्यात खरे आणि खोटे ठरलेले सिद्धांत शेजारी शेजारी आहेत. हेलियमच्या बाबतीत ते विजयी झाले, उल्कांच्या बाबतीत पराभूत. टांकसाळीतील प्रयोग त्यांच्या हयातीत निष्फळ मानला गेला. मात्र पुढे स्थिर ज्योत, अचूक उपकरणे आणि आयनीभवनाचे गणित मिळताच तोच मार्ग उद्योगाचा राजमार्ग झाला. विजयदुर्गाचे कट्टे पाहताना हेलियमची आठवण होणे स्वाभाविक आहे. त्या साहेबाने धातूच्या एका ठिणगीकडून तिचा हिशेब मागितला होता, हेही त्या ठिकाणी सांगितले गेले पाहिजे.